ब्रेन हॅमरेज झालंय, ऑपरेशन ठरलंय: भूलतज्ज्ञाला काय सांगायचं आणि औषधांची यादी कशी करायची

बाबांच्या गोळ्यांचा स्टीलचा डबा मी कॅज्युअल्टीतल्या टेबलावर पालथा केला, तेव्हा त्यातून अकरा कापलेल्या स्ट्रिपा पडल्या. नाव वाचता आलं ते सातांवर. बाकी चारांवरचं नाव केमिस्टच्या कात्रीबरोबर गेलेलं. त्या चारांतलीच एक रक्त पातळ करणारी गोळी होती आणि ती सांगायला मी विसरले होते. भूलतज्ज्ञ बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं, "छातीवर हा जुना व्रण कसला?" तेव्हा मला बाबांच्या हृदयातली कृत्रिम झडप आठवली आणि झडपेमागून ती गोळी आठवली.

बाबा तेव्हा ६९ वर्षांचे होते. आम्ही भांडुपला राहतो. जानेवारी २०२२ मध्ये त्यांच्या लहान मेंदूत रक्तस्राव झाला आणि त्याच दिवशी कवटी उघडून रक्त काढावं लागलं. आज ते काठी घेऊन बिल्डिंगच्या आवारात फेऱ्या मारतात. मी डॉक्टर नाही. कोणतं औषध द्यायचं, किती द्यायचं, हे डॉक्टरच ठरवणार. पण पेशंट बोलू शकत नसतो तेव्हा त्याच्या औषधांचा इतिहास आपण सांगायचा असतो, आणि ती तयारी आधी कुणी शिकवत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

१. घरात: ओळखा, वेळ लिहा, तोंडात काही घालू नका

तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोबडी वळणं ही लक्षणं बहुतेकांना माहीत असतात. बाबांना यातलं काहीच नव्हतं. डोक्याच्या मागच्या बाजूला दुखत होतं, उलट्या होत होत्या आणि उभं राहिलं की तोल जात होता. आई म्हणाली, पित्त झालंय. आम्ही आलं-लिंबाचा रस दिला, मग चहा-बिस्किट दिलं. त्यात दोन तास गेले. लहान मेंदूतला रक्तस्राव असाच दिसतो, हे नंतर कळलं. अचानक तोल जाणं आणि उलट्या यांना पित्त म्हणण्याआधी, विशेषतः बीपीच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला, दवाखाना गाठा.

रक्तस्रावाचे आणखी दोन चेहरे लक्षात ठेवा. "असं डोकं आयुष्यात कधी दुखलं नव्हतं" असं म्हणत क्षणात टोकाला गेलेली वेदना. ती मेंदूतल्या रक्तवाहिनीवरचा फुगा फुटल्याची असू शकते. आणि काही आठवड्यांपूर्वी बाथरूममध्ये घसरलेले आजी-आजोबा आता सुस्त, गोंधळलेले वाटणं. तिथे कवटीच्या आत, मेंदूवर हळूहळू रक्त साचलेलं असू शकतं.

आता काय करायचं नाही ते. पाणी नाही, चहा नाही, साखर नाही. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं, आणि पुढे भूल द्यायची झाली तर भरलेलं पोट हा धोका असतो. डिस्प्रिन किंवा इकोस्प्रिन अजिबात देऊ नका. हार्ट अटॅकसाठी ऐकलेला तो उपाय रक्तस्रावात उलटा पडतो, आणि मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आहे की रक्तस्राव झालाय हे सीटी स्कॅनशिवाय डॉक्टरलाही नक्की सांगता येत नाही. जिभेखाली सॉर्बिट्रेट (छातीत दुखल्यावर ठेवतात ती गोळी) नको. बीपी वाढलेलं दिसलं म्हणून घरची जास्तीची गोळीही नको. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा.

मोबाइलमध्ये या तीन गोष्टींची वेळ लिहा: शेवटचं ठीक कधी पाहिलं, शेवटचं खाणं-पिणं कधी आणि काय, शेवटच्या गोळ्या कधी घेतल्या. हे तिन्ही प्रश्न पुढे चार जण विचारतील आणि दर वेळी तुमचं उत्तर बदलेल. लिहिलेलं बदलत नाही.

२. कुठे न्यायचं

१०८ ला फोन करा. "जवळचं" नर्सिंग होम हा मोठा सापळा आहे. तिथे सलाइन लागतं, तास जातो आणि मग "मोठ्या हॉस्पिटलला न्या" म्हणतात. चोवीस तास सीटी स्कॅन, न्यूरोसर्जन आणि आयसीयू हे तिन्ही जिथे आहे तिथेच जा. परळचं केईएम, सायन, मुंबई सेंट्रलचं नायर, भायखळ्याचं जे. जे. इथे न्यूरोसर्जरी आहे. खासगीत न्यायचं असेल तर गाडीत बसल्या बसल्या फोन करून हे तीन प्रश्न विचारा आणि चौथा: आयसीयूत आत्ता बेड आहे का?

पडल्यामुळे किंवा अपघातामुळे लागलं असेल तर एमएलसी (पोलिसांना कळवायची केस) म्हणून नोंद होते आणि पोलीस दोन प्रश्न विचारतात. त्याला घाबरून पडल्याचं लपवू नका.

३. निघताना पिशवीत काय

- गोळ्यांचा अख्खा डबा, फ्रिजमधली इंजेक्शनं, इन्हेलर, डोळ्यांचे थेंब
- जुन्या प्रिस्क्रिप्शन, जुनी डिस्चार्ज कार्डं, शेवटचे रक्ताचे रिपोर्ट. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आयएनआरची (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणाऱ्या तपासणीची) वही
- झडप, स्टेंट किंवा पेसमेकरचं कार्ड
- पेशंटचं आणि तुमचं आधार, रेशन कार्ड, विम्याचं कार्ड
- चार्जर, पेन, कागद
- पेशंटचा चष्मा आणि श्रवणयंत्र. शुद्धीवर आल्यावर डॉक्टर काय विचारतात ते त्यांना ऐकू आणि दिसू दे

दागिने घरीच काढा. बोट सुजलं की अंगठी कापावी लागते.

४. औषधांची यादी: सगळ्यात महत्त्वाचं काम

"बीपीची एक, शुगरच्या दोन, आणि एक हार्टची" याला यादी म्हणत नाहीत. मीही असंच सांगितलं होतं. प्रत्येक औषधासमोर नाव, मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा आणि शेवटची कधी घेतली, एवढं हवं. नाव नसलेली स्ट्रिप असेल तर नेहमीच्या केमिस्टला फोन करा, त्याच्याकडे बिलं असतात. आमच्या केमिस्टने दुकान उघडून सात मिनिटांत फोटो पाठवला. आता मी त्याला सांगून ठेवलंय की नावाची बाजू आम्हाला द्या.

यादी या क्रमाने करा. वरच्या गोष्टी आधी, कारण त्यांवर पुढचा तास ठरतो.

*रक्त पातळ करणारी.* ही दोन प्रकारची असतात आणि फरक महत्त्वाचा आहे. प्लेटलेट चिकटू न देणारी: अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर. आणि गोठण्याची क्रियाच मंद करणारी: वॉरफॅरिन, असेनोकुमारॉल म्हणजे अ‍ॅसिट्रोम, तसंच डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबॅन, अ‍ॅपिक्साबॅन. अ‍ॅस्पिरिन कधी दुसऱ्या गोळीत लपलेलं असतं. इकोस्प्रिन एव्ही ही कोलेस्टेरॉलची गोळी समजून घेणारे कितीतरी आहेत, तिच्यात अ‍ॅस्पिरिन असतंच. गुडघेदुखीसाठी रोज कॉम्बिफ्लॅम घेत असतील तर तेही लिहा, तिच्यातलं आयबुप्रोफेनही प्लेटलेटवर परिणाम करतं.

*बीपी आणि हृदयाची.* टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल यांच्यामुळे भूल देताना बीपी एकदम खाली येऊ शकतं. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल किंवा क्लोनिडिन अचानक बंद झालं तर उलट बीपी उसळतं. म्हणून "गोळ्या चार दिवस संपल्या होत्या" हे शरम न बाळगता सांगा. बीपीच्या गोळ्या मनाने सोडणं हेच कित्येकदा हॅमरेजचं कारण असतं, आणि डॉक्टर त्यावरून भांडायला बसलेले नसतात.

*मधुमेहाची.* डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन घेत असतील तर मुद्दाम सांगा. साखर फारशी वाढलेली नसतानाही यात रक्तात आम्लं साठू शकतात. आठवड्यातून एकदा घ्यायची वजनाची किंवा शुगरची इंजेक्शनं पोट रिकामं व्हायला उशीर लावतात. ती डब्यात नसतात म्हणून हमखास विसरतात.

*फिटची.* फेनिटॉइन बरेच दिवस चालू असेल तर भुलेतली स्नायू सैल करणारी काही औषधं लवकर उतरतात. भूलतज्ज्ञ त्याप्रमाणे मात्रा जुळवतात.

*इतर.* स्टिरॉइड (दमा, संधिवात किंवा "ताकदीच्या" पुड्यांतून आलेलं सुद्धा), थायरॉइड, मानसिक आजारावरची औषधं, त्यातही लिथियम. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंब. एवढ्याशा थेंबाने नाडी मंद होऊ शकते. सिल्डेनाफिल (व्हायग्रा), ते सांगायला घरच्यांना संकोच वाटतो, पण नायट्रोग्लिसरीनबरोबर बीपी धोकादायक खाली नेतं. आयुर्वेदिक काढे, लसणाच्या किंवा फिश ऑइलच्या कॅप्सूल.

आणि दारू. किती आणि शेवटची कधी. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की दोन-तीन दिवसांत थरथर, भ्रम, फिट येऊ शकते. आयसीयूत ती मेंदूची सूज वाढल्यासारखी दिसते आणि उपचार चुकीच्या वाटेला लागू शकतात. सगळ्यांसमोर बोलवत नसेल तर नर्सला बाजूला घेऊन सांगा.

५. भूलतज्ज्ञ विचारतील, किंवा न विचारताच सांगायच्या गोष्टी

भूलतज्ज्ञ म्हणजे झोपेचं इंजेक्शन देऊन निघून जाणारा माणूस नव्हे, हे मला त्या रात्री कळलं. ऑपरेशन चालू असताना श्वास, बीपी, मेंदूवरचा दाब हे सगळं तेच सांभाळतात. बीपी फार वाढलं तर पुन्हा रक्तस्राव, फार उतरलं तर मेंदूला रक्त कमी. घशात नळी घालताना बीपी उसळतं, ते आधीच औषधाने दाबून ठेवावं लागतं.

तोंड किती उघडतं ते सांगा. गुटखा, मावा, सुपारी वर्षानुवर्षं खाणाऱ्यांचं तोंड तीन बोटंही उघडत नाही, मग श्वासाची नळी घालणं अवघड होतं आणि वेगळी तयारी लागते. मिश्री लावत असतील तर तेही बोला. कवळी काढा, हलणारा दात दाखवा. घोरताना श्वास अडकतो का? दमा? कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी, आणि नेमकं काय झालं होतं: पुरळ की श्वास कोंडला?

आधी कधी भूल दिली होती का, आणि तेव्हा काही त्रास? घरात कुणाला भुलेनंतर तासन्‌तास श्वास सुरू झाला नव्हता, किंवा भुलेत ताप भयंकर चढला होता का? हे रक्ताच्या नात्यात येऊ शकतं. जुना अर्धांगवायू असेल किंवा पेशंट महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेला असेल तर ते ठळक सांगा. सक्सिनिलकोलीन नावाच्या स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनने अशा माणसाच्या रक्तातलं पोटॅशियम जीवघेणं वाढू शकतं. ते टाळून रोक्युरोनियमसारखं दुसरं औषध वापरता येतं, पण आधी कळलं तर.

नेलपेंट आणि गडद मेंदी बोटावरच्या ऑक्सिजन मोजणाऱ्या चिमट्याला अडथळा करू शकते. एक बोट साफ करून द्या.

६. कानावर पडणारी नावं

बाबांचा आयएनआर ४.८ निघाला. साध्या माणसाचा एकच्या आसपास असतो. त्या आकड्यासकट कवटी उघडता येत नाही, म्हणून आधी उतारा. व्हिटॅमिन के शिरेतून देतात, पण त्याला काम करायला काही तास लागतात. तोवर गोठवणारे घटक बाहेरून द्यावे लागतात: पीसीसी नावाचं इंजेक्शन किंवा प्लाझ्मा. पीसीसी थोडक्या द्रवात आणि लवकर जातं. प्लाझ्मा गोठवलेला असतो, तो वितळवायला वेळ लागतो आणि बाटल्याही जास्त लागतात. पीसीसी कुठे साठ्यात असतं, कुठे बाहेरून आणायला सांगतात. चिठ्ठी हातात पडली की चर्चा नंतर, आधी माणूस पाठवा. डॅबिगॅट्रानवर इडारुसिझुमॅब हा वेगळा उतारा आहे. म्हणूनच "रक्त पातळ करणारी काहीतरी" हे उत्तर पुरत नाही, नाव लागतं.

मॅनिटॉल आणि ३ टक्के सलाइन मेंदूची सूज उतरवायला. मॅनिटॉलने लघवी खूप होते, म्हणून नळी, घाबरू नका. लॅबेटालॉल बीपीसाठी. लेव्हेटिरॅसिटाम फिट येऊ नये म्हणून. प्रोपोफोल किंवा थायोपेंटोन झोपेसाठी, फेंटानिल वेदनेसाठी. फुगा फुटून झालेल्या रक्तस्रावात निमोडिपिन दर चार तासांनी, साधारण २१ दिवस असतं. ते रात्रीही चुकवायचं नसतं, आणि दिल्यावर बीपी उतरू शकतं.

बाबांनी चहा-बिस्किट घेतलं होतं हे मी सांगितलं तेव्हा बाईंनी फक्त "किती वाजता?" विचारलं. तातडीच्या ऑपरेशनला सहा तास उपाशी ठेवायला वेळ नसतो. पोट भरलेलंच धरतात आणि झोपेचं व स्नायू सैल करणारं औषध लागोपाठ देऊन झटपट नळी घालतात. "उपाशी आहेत" असं खोटं बोललं की ऑपरेशन लवकर होईल, हा समज पेशंटला महाग पडतो.

७. सह्या, रक्त, पैसे

ऑपरेशन, भूल आणि रक्त यांची संमतीपत्रं सहसा वेगवेगळी असतात. भुलेच्या कागदावर सही करताना एवढं विचारा: ऑपरेशननंतर व्हेंटिलेटरवर ठेवणार का? उत्तर "हो" असेल तर ते आधी माहीत असणं बरं, नाहीतर बाहेर आणल्यावर नळी पाहून घरचे कोसळतात. रक्तदानाला तयार असे चार जण ओळखपत्रासह बोलावून ठेवा.

पैशांसाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत हॉस्पिटल आहे का ते पाहा आणि तिथल्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड आणि आधार घेऊन पहिल्याच दिवशी भेटा. धर्मादाय हॉस्पिटलांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या असतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. अशा हॉस्पिटलने तातडीच्या पेशंटला डिपॉझिट न मागता घेऊन स्थिर करायचं असतं. हे शांतपणे, पण ठामपणे बोला.

८. आयसीयूत

पहिले दोन दिवस बाबा हाक मारली तरी डोळे उघडत नव्हते. मला वाटलं, संपलं. ते झोपेच्या औषधावर होते. रोज विचारायचा प्रश्न: "झोपेचं औषध चालू आहे का, आणि शेवटचं कधी कमी करून पाहिलं?" ते कमी करून डोळे उघडतात का, बोलल्यावर हात हलवतात का हे तपासतात. त्या तपासणीच्या आकड्याला जीसीएस म्हणतात, पूर्ण १५. आकडा रोज वहीत लिहा. एका दिवसाच्या आकड्यावर रडू नका आणि नाचूही नका.

डोक्यातून पाणी काढणारी नळी बसवली असेल तर पलंगाची उशाकडची बाजू स्वतः वर-खाली करू नका. नळीची उंची बाहेर ठरवलेली असते. पलंग हलला की पाणी कमी-जास्त निघतं. मी बाबांना "नीट" बसवायला हँडल फिरवलं होतं आणि सिस्टर धावत आल्या. बाहेरून आणलेलं काहीही, अंगारा-तीर्थसुद्धा, तोंडात घालू नका. गिळण्याची तपासणी व्हायची असते.

व्हेंटिलेटर लांबला तर गळ्याला छिद्र पाडून ट्रॅकिओस्टोमी सुचवतात. शब्द भीतीदायक आहे, पण बहुतेकांची ती नंतर बंद होते. बाबांचीही झाली.

९. घरी जाताना

रक्त पातळ करणारी गोळी पुन्हा कधी, हा प्रश्न लेखी उत्तर मिळेपर्यंत सोडू नका. झडप असेल तर गोळीशिवाय राहणं धोक्याचं आणि लवकर सुरू करणंही धोक्याचं. न्यूरोसर्जन आणि हृदयाचे डॉक्टर दोघांनी मिळून ठरवायला हवं. आमच्याकडे दोघांची उत्तरं वेगळी होती, म्हणून मी दोघांना एकाच कागदावर लिहून द्यायला लावलं. बाबांना बाराव्या दिवशी आधी हेपॅरिन (रक्त पातळ करणारं इंजेक्शन), मग गोळी सुरू झाली. हा आमचा आकडा आहे, तुमचा वेगळा असेल. जुना डबा घरी येताच रिकामा करा. त्यातल्या बंद केलेल्या गोळ्या सवयीने पोटात जातात.

फुगा बंद करायला मेंदूत क्लिप किंवा कॉइल बसवली असेल तर तिचं कार्ड जपा, पुढे एमआरआयच्या आधी ते मागतात.

आणि डिस्चार्ज कार्डाबरोबर भुलेच्या नोंदीच्या कागदाची झेरॉक्स मागून घ्या. कोणती औषधं दिली, नळी सहज गेली की त्रास झाला, बीपी कसं राहिलं, सगळं त्यावर असतं. सहसा कुणी मागत नाही, पण मागितली तर मिळते. गेल्या वर्षी बाबांचा मोतीबिंदू काढायचा होता तेव्हा मी ती झेरॉक्स आणि तारीख घातलेली गोळ्यांची यादी पुढे ठेवली. भूलतज्ज्ञांनी दोन मिनिटं वाचलं आणि एकच प्रश्न विचारला: "आजचा आयएनआर किती?" रिपोर्ट पिशवीत वरच होता.